आठ वर्षांची रजई

सिलीगुडीहून बिकानेरला जाताना वाटेत केनवड लागत नाही. नकाशा मलाही वाचता येतो. तरीही माझं सगळं घरसामान उत्तर बंगालात ट्रकमध्ये चढवायचं, वाशीम जिल्ह्यात उतरवायचं आणि तिथून पुन्हा राजस्थानला न्यायचं, असं ठरलं. ठरवणारा शहाणा मीच. माझी बायको वैष्णवी मंगरूळपीरची. तिनं एकदाच विचारलं, "एवढा फेरा कायले?" मी सांगितलं की बिकानेरचं क्वार्टर जूनच्या मध्याआधी रिकामं होत नाही, तोवर सामान बाबांच्या शेडमध्ये राहील. "कूलरसाठी म्हना ना सरळ," ती म्हणाली. आमच्या घरात खरं बोलायचं काम तिच्याकडे आहे. बाकीची कामं आम्ही वाटून घेतो.

माझे वडील जगदेव. केनवडच्या बाजारात त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. वर्षभर धान्याच्या कोठ्या आणि पेट्या, आणि फेब्रुवारी लागला की कूलर. त्या कूलरचा पत्रा बाबांचा आणि ताट्या सेवादासकाकांच्या. ताटी म्हणजे कूलरच्या बाजूंना जाळीत बसवलेला वाळ्याचा थर. त्यातून पाणी झिरपतं आणि आत येणारी हवा गार होते. सेवादासकाका जवळच्याच तांड्यावरचे, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त आणि दुकानातले भागीदार. ताटी बांधावी तर त्यांनीच. कुठे विरळ नाही, कुठे गच्च नाही. दुकानावर पाटी होती, "जगदेव सेवादास कूलर". दोन नावांमध्ये 'आणि' घालायलाही जागा सोडली नव्हती.

आठ वर्षांपूर्वी मला केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनी मिळाली आणि पहिली नेमणूक सिलीगुडीला झाली. बाबांनी नकाशात सिलीगुडी शोधली नाही, पत्रा शोधला. जाड गेजचा. आठ दिवस खपून त्यांनी एक कूलर बनवला, काकांनी त्याच्या तीन ताट्या बांधल्या आणि तो रेल्वेच्या पार्सलनं माझ्या मागोमाग आला. मोठा, निळा, मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात बाबांचं नाव.

सिलीगुडीची हवा मुळातच ओली. कूलरनं ती आणखी ओली केली. तासाभरात उशा ओलसर झाल्या, पापड वातड झाले, तिसऱ्या दिवशी माझ्या कातडी पट्ट्यावर बुरशी उगवली. पावसाळा लागला की कूलर काही कामाचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिलीगुडीत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आपला जुलैच चालू असतो, एवढं माझ्या पदवीधर डोक्यात यायला चौथा दिवस उजाडला. त्याच दिवशी बाबांचा फोन आला. हवा कशी आहे, त्यांनी विचारलं. आवाजात अशी काही आशा होती की मी म्हणालो, थंड आहे.

इथे थांबायला हवं होतं. खोटं बोलायचंच होतं तर पंख्याच्या वाऱ्याइतकं बोलायचं. पण मला रंगवून सांगायची खोड. "इतकी थंड, बाबा, का पहाटे रजई घ्या लागते," असं मी म्हणून गेलो. तिकडे बाबांनी हातोडी खाली ठेवलेली ऐकू आली. मग म्हणाले, "सेवादासले सांगतो."

पुढच्या वर्षी आम्ही एसी घेतला. कूलर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेला आणि वैष्णवीनं त्यात आलू ठेवायला सुरुवात केली. टाकी खोल, झाकण घट्ट, उंदीर शिरत नाही. आमची मुलगी संस्कृती बोलायला लागली तेव्हापासून त्याला 'आलूची पेटी' म्हणते. दर उन्हाळ्यात बाबांचा फोन यायचा, दर उन्हाळ्यात मी रजई काढायचो. सात-आठ रजया झाल्या.

आणि यंदा बदली आली. तीन गावांतून एक निवडायचं होतं. मी बिकानेरवर खूण केली तेव्हा ऑफिसातल्यांना वाटलं, मला ताप आलाय. मी छाती काढून सांगितलं की आम्ही वऱ्हाडातली माणसं, पंचेचाळीस डिग्रीत आमच्याकडे लग्नं लागतात, मला तुमचं हे चिकट ऊनच सोसवत नाही. खरं कारण वेगळं होतं. बिकानेरची हवा कोरडी. तिथे कूलर चालणार म्हणजे चालणारच. माझं आठ वर्षांचं खोटं येत्या जूनपासून खरं होणार होतं आणि मला कुणापुढे तोंड उघडावं लागणार नव्हतं. एवढ्यावरही थांबलो नाही. केनवडला ट्रकमधून एसी उतरताना बाबांना दिसू नये म्हणून मी तो शेजाऱ्याला विकून टाकला. वाळवंटात राहायला निघालेला माणूस निघताना एसी विकून निघाला. वैष्णवी यावर काही बोलली नाही, पण अकोल्यापर्यंतच्या प्रवासात ती माझ्याकडे अधूनमधून बघायची आणि मान हलवायची.

आता तिला बोलायची संधी मीच दिली. केनवडच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पंचेचाळीस डिग्रीत लग्नं लावणारा मी घरापर्यंतचं अर्धं अंतर चाललो आणि किराणा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसलो. माझ्या दोन्ही बॅगा वैष्णवीनं उचलल्या. घरी गेल्यावर आईनं माझ्या खिशात कांदा घातला, पुढ्यात कैरीचं पन्हं ठेवलं आणि सुनेला विचारलं, याला तिकडे जेवायला घालत होतीस ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बऱ्याच वर्षांनी दुकानाकडे जाऊन आलो. पाटी तीच होती, पण आत बरोबर मधोमध पत्र्याची भिंत उभी होती. एका बाजूला बाबा ठोकत होते, दुसऱ्या बाजूला सेवादासकाका कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीची वायर गुंडाळत होते. दोघांचं बिनसल्याचं मला फोनवर कळलं होतं. जागेवरून काहीतरी झालं असेल, म्हातारी माणसं, होतं असं, म्हणून मी कधी खोलात शिरलो नव्हतो. चहा घेताना आईला विचारलं.

आईचं नाव चतुराबाई, आणि ती बोलते कमी. तिनं सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी काकांचा मुलगा किसनसिंग पोलिसात लागला आणि त्याची नेमणूक रत्नागिरीला झाली. बाबांनी हौसेनं त्यालाही कूलर दिला. महिन्याभरात किसनसिंगचा निरोप आला की हा कूलर काही चालत नाही, ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखं होतं. काकांनी बाबांना समजावलं की समुद्राची हवा आहे, तिथे कूलरचं काम नाही. बाबांना हे पटायला हवं होतं. चाळीस वर्षं ते हाच धंदा करत होते.

"पन तुह्या बाबानं काय म्हटलं?" आई म्हणाली. "सिलीगुडीची हवाबी तशीच हाय, अन माहा अनुप रजई घेऊन झोपते. मंग तुह्या ताट्याच खराब असतीन, असं म्हटलं भर बाजारात. त्या दिवसापासून सेवादास इकडे पाह्यत नाही."

माझ्या हातातला कप हातातच राहिला. बाबांना स्वतःच्या चाळीस वर्षांपेक्षा माझा एक फोन खरा वाटला होता, आणि त्या फोनपायी त्यांनी शाळेपासूनचा दोस्त घालवला होता. दोघंही सत्तरीला आलेले. अजून किती उन्हाळे त्यांच्याकडे होते, देव जाणे. मला उठून दुकानात जायचं होतं आणि दोन वाक्यं बोलायची होती. बस. मी दुसरा चहा मागितला.

त्याच दुपारी ट्रक आला. बाबांनी बाकी सामानाकडे पाहिलंही नाही. कूलर उतरल्यावर त्याच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला, एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. रंग कुठेकुठे गेलाय, पण पत्रा दमदार आहे, असं शेडमध्ये जमलेल्या दोघातिघांना सांगितलं. आठ वर्षं एकसारखा चालला आहे, हेही सांगितलं. मग मला म्हणाले की उद्या सकाळी हातगाडीवर घालून दुकानात आण, वाळवंटात जायच्या आधी खोलून सर्व्हिसिंग करून देतो, टाकीतला खार खरवडावा लागेल.

खार! आपल्याकडच्या पाण्यात एक उन्हाळा चालला तरी कूलरच्या टाकीत पांढरा थर बसतो. बाबा तो दरवर्षी छिन्नीनं काढतात. आठ वर्षं चाललेल्या कूलरमध्ये बोटभर थर पाहिजे होता. माझ्या टाकीत फक्त आलूची माती होती.

या ठिकाणी दुसऱ्या कुणीही खरं सांगितलं असतं. मी पानठेल्यावर गेलो. तंबाखूबरोबर मिळतात त्या ओल्या चुन्याच्या पुड्या मागितल्या. किती, म्हणून ठेलेवाल्यानं विचारलं. मी म्हणालो, आहेत तेवढ्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुड्या मोजल्या आणि घरात कुणाचं लग्न आहे का, अशी चौकशी केली. जेवणं होऊन सगळे झोपले तेव्हा मी शेडमध्ये शिरलो, टाकी पुसून घेतली, तांब्यात चुना कालवला आणि संस्कृतीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन टाकीत आतून खार रंगवायला बसलो. मन लावून रंगवला. पाण्याची पातळी असते तिथे जाड, खाली पातळ, कोपऱ्यांत जरा पिवळट दिसावा म्हणून चिमूटभर हळद. शेडमध्ये दिवसभराची धग साचलेली, घाम टपटप टाकीत पडत होता. वैष्णवी दारात येऊन उभी राहिली. "एवढ्या मेहनतीत एक डाव खरं बोलून झालं असतं," ती म्हणाली आणि निघून गेली. मेच्या कोरड्या हवेत चुना दहा मिनिटांत वाळला. लांबून बघितलं. खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी कूलर दुकानात नेला. बाबांनी बैठक घातली, स्क्रू काढले, एक बाजू उघडली आणि छिन्नी घेऊन आत हात घातला. छिन्नी लावायची गरज पडली नाही. बोट लागताच थर निघून आला. बाबांनी बोट बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग ते बोट त्यांनी जिभेला लावलं. पन्नास वर्षं तंबाखूला चुना लावणाऱ्या माणसाला मी चुन्यानं फसवायला निघालो होतो.

"हा पानठेल्यावरचा चुना हाय," बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "अन हळद."

त्यांनी पुन्हा आत हात घातला, पंपाच्या मागे चाचपलं आणि एक सुकलेला, सुरकुतलेला आलू बाहेर काढला. त्याला लांबच लांब कोंब आले होते. तो त्यांनी हातावर धरून पाहिला आणि खाली ठेवला. नंतर ताटी काढली आणि नाकाशी नेली. पाणी जवळजवळ न लागलेली, आठ वर्षांपूर्वी काकांनी बांधली तशीच्या तशी ताटी. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की एक दिवस तरी चालला होता का. चार दिवस, मी म्हणालो. हवा ओली होती, बाबा, तिथे नाही चालत.

पत्र्याच्या भिंतीपलीकडे काकांचं वायर गुंडाळायचं यंत्र खरखरत होतं. बाबा उठले. कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभे राहिले. वळसा घालून पलीकडे जायला दहा पावलं पुरली असती, पण बहुधा तेवढं त्यांच्या पायात नव्हतं. त्यांनी बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवलं. पलीकडची खरखर थांबली.

"सेवादास," बाबा पत्र्याला म्हणाले, "ताट्या बेस होत्या."

बाबा माझ्याकडे वळले. "आता तू बोल. पत्र्याकडे तोंड कर अन सांग."

मी पत्र्याकडे तोंड केलं. ऑफिसात मोठ्या साहेबांपुढे बोललोय, लग्नात उखाणा घेतलाय, पण आपल्याच बापानं ठोकलेल्या पत्र्यापुढे असा कधी उभा राहिलो नव्हतो. काका, म्हणालो, मी अनुप. कूलर सिलीगुडीत चालला नाही. रजई खोटी होती. एसी होता. किसनसिंग खरं बोलत होता. कूलरमध्ये आम्ही आलू ठेवायचो. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण एकदा खरं बोलायला लागल्यावर कुठे थांबायचं हेही मला कळत नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. सेवादासकाका वळसा घालून आमच्या बाजूला आले. सहा वर्षांत बरेच वाकले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खाली बसून ताटी हातात घेतली, सुतळीच्या गाठी एकेक करून चाचपल्या आणि वाळ्यात नाक घातलं.

"सहा वर्सं झाली," ते म्हणाले. "म्या एकबी ताटी नाही बांधली. बांधाले घेतली का वाटे, खरंच खराब असंन. आपल्यालेच समजून नसंन राह्यलं. हात थांबे."

मला रडू आलं. लपवता आलं नाही आणि मी लपवलंही नाही. माझ्या एका फुशारकीनं एका कारागिराचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला होता, आणि मी तिकडे एसीत झोपलो होतो. काकांच्या पायाला हात लावला तर त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण आशीर्वादही दिला नाही. तेवढंच मला मिळायला हवं होतं.

बाबा म्हणाले, "किसनसिंगले फोन लाव. त्यालेबी सांगा लागंन मले."

"त्याची ड्युटी हाय आता. सांजच्याले लावू," काका म्हणाले. मग त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. "हे काय फासलं हाय?"

"चुना," बाबा म्हणाले.

"अन पिवळं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. काका हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मला त्यांनी टाकी धुवायला बसवलं. मी चारदा धुतली. चारही वेळा त्या दोघांनी एकत्र वाकून पाहिली आणि नापास केली. पुढचे आठ दिवस काका रोज आमच्या बाजूला येऊन बसत होते. पत्र्याची भिंत होती तिथेच होती. जुन्या ताट्या त्यांनी ठेवून घेतल्या आणि बिकानेरसाठी तीन नव्या बांधल्या. पहिली बांधून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली. त्या वेळी बाबा मुद्दाम दुसरीकडे बघत बसले होते.

जूनच्या मध्यात आम्ही बिकानेरला आलो. क्वार्टर वरच्या मजल्याचं, भिंती रात्रीही तापलेल्या, नळ सोडला तर चहाला वेगळं पाणी उकळायला नको. एसी विकून आलेल्या माझ्याबद्दल वैष्णवीनं शेजारणीला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण शेजारीण माझ्याशी फार हळू आवाजात बोलते. कूलर खिडकीत बसवला, टाकी भरली, बटण दाबलं. पाच मिनिटांत वाळ्याचा वास घरभर पसरला. अर्ध्या तासात संस्कृती चादर ओढून घ्यायला लागली. मी स्वतः, भर दुपारी, बाहेर सेहेचाळीस डिग्री असताना, पायावर पांघरूण घेतलं.

लगेच फोन लावला. बाबा दुकानात होते. मी म्हणालो, बाबा, पांघरूण घेतलंय. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, शपथ. मग काकांचा आवाज आला, म्हणजे तेही तिथेच होते. "सूनबाईले दे फोन," ते म्हणाले. मी दिला. वैष्णवीनं सांगितलं की हो काका, खरंच थंड आहे, यांनी पांघरूण घेतलंय आणि पोरगी झोपली आहे. तिचं ऐकून झाल्यावर फोन पुन्हा माझ्याकडे आला.

"पान्याचा आवाज ऐकव," काका म्हणाले.

मी फोन ताटीजवळ नेऊन धरला. आत पाणी एकसारखं झिरपत होतं. तिकडून ठोकण्याचा आवाज नाही, खरखर नाही, फक्त बाजारातून एखादी मोटारसायकल गेलेली ऐकू यायची. दोघं म्हातारे एका फोनला कान लावून बसले होते. माझा हात भरून आला तरी मी तो तसाच धरून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं बाबा बोलले.

"अनुप, मंग आता आलू कुठी ठेवून राह्यले?"